या फोनसाठी उपलब्ध नाही

लातूर,
मंगळवार

प्रिय सौदामिनी,

हे कागदावर लिहिते आहे म्हणून हसू नकोस. फोनवर लिहिलं असतं तर तू वरवर नजर फिरवून एक अंगठा पाठवला असतास आणि मोकळी झाली असतीस. गेल्या दीड महिन्यात तुझे तसे सहा अंगठे माझ्याकडे जमलेत. शिवाय हे स्पीड पोस्टानं येणार, म्हणजे त्या काचेच्या इमारतीतून खाली उतरून, गेटवर सही करून तुला ते घ्यावं लागेल. एवढे कष्ट तुला पडावेत अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आधी अभिनंदन करते. केक कापतानाचा तुमच्या टीमचा फोटो पाहिला. केकवर तुमच्या ॲपचं निळं चिन्ह आणि त्यावर सुरी धरलेली तू. खाली लिहिलं होतंस की जुन्या फोनांचं ओझं उतरवल्यामुळे गाडीचं ॲप आता निम्म्या वजनाचं झालंय आणि दुप्पट वेगानं उघडतं. कुणीतरी विचारलं होतं, मग ते जुने फोनवाले कुठं जातील? त्यावर तुझं उत्तर, तीनच टक्के आहेत, आज ना उद्या बदलतील फोन. पुढे एक हसरं तोंड. विष्णुपुरीच्या हॉस्टेलवर चार वर्षं आपण एका खोलीत काढली. माझ्याकडे लॅपटॉप नव्हता तेव्हा तू स्वतःचा माझ्यापाशी ठेवून सुट्टीला घरी जायचीस. ती मुलगी आणि हे हसरं तोंड एकाच माणसाचं आहे हे मला अजून पटत नाही. त्या तीन टक्क्यांतला एक माणूस तुला नावानिशी माहीत आहे. ग्यानोबा सोनकांबळे, माझे बाबा. वकिलांची गाडी घेऊन मला हॉस्टेलवर सोडायला यायचे आणि न सांगता तुझीही ट्रंक तिसऱ्या मजल्यावर नेऊन ठेवायचे, ते.

बाबा अठरा दिवसांपासून घरी बसून आहेत. एकोणीस वर्षं त्यांनी रेणुकादास वकिलांची गाडी चालवली. आता साहेब त्यांच्या हातात किल्ली देत नाहीत. आरोप असा, की ग्यानोबानं साहेबांची नवी गाडी मालक म्हणून स्वतःच्या नंबरावर नोंदवून घेतली. नांदेडच्या कोर्टाबाहेर वकिलांच्या गाड्या उभ्या राहतात तिथं ही बातमी एका दुपारीत सगळ्या ड्रायव्हरांच्या तोंडी झाली. ड्रायव्हरकडे कमाई म्हणून दुसरं काय असतं? लायसन्स कुणीही काढतं. याच्या हातात किल्ली आणि घरची पोरंबाळं देऊन मालक बिनघोर राहतो, एवढंच त्याचं नाव. ते गेलं की त्या शहरात दुसरं कुणी त्यांना गाडी देणार नाही. हे कसं झालं ते तुला पहिल्यापासून सांगते, कारण त्यात तुमचा केकही आहे.

माझं काम काय ते तू कधी नीट विचारलं नाहीस. गळ्यातल्या पट्ट्यावर ‘डिजिटल डिलिव्हरी एक्झिक्युटिव्ह’ असं छापलंय. एवढ्या लांबलचक नावाचा अर्थ इतकाच, की गिऱ्हाईक नवी गाडी घ्यायला आलं, चाकाखाली लिंबं ठेवून झाली, पुठ्ठ्याची हातभर लांब किल्ली छातीशी धरून फोटो निघाला, की मी टॅबलेट घेऊन पुढं जायचं, गाडी नोंदवायची आणि त्यांच्या फोनवर तुमचं ॲप बसवून द्यायचं. म्हणजे त्यांना पलंगावर पडल्यापडल्या गाडीचा एसी लावता येतो, दार लावलं का ते बघता येतं, गाडी कुठं उभी आहे ते कळतं. ज्यांनी आयुष्यात स्वतः उठून फाटक उघडलं नाही त्यांच्यासाठी ही मोठीच सोय आहे. दिवसाला पाचजण माझ्या वाट्याला येतात आणि त्यातल्या दोघांना तरी मी सांगते की तुमच्या फोनवर हे येत नाही. पहिले सात महिने ॲप फक्त आयफोनवर होतं. लातुरात गाडी घेणाऱ्यांतले किती जण आयफोन वापरतात हे तुमच्यापैकी कुणी येऊन पाहिलं होतं का? मग अँड्रॉइडवर आलं, पण अमुक आवृत्तीच्या वरच. काही फोनांना ॲपचं स्वतःचंच वेगळं दुकान असतं, त्यांच्यावर नाही. टॅबलेटवर दिसतं पण गाडी उघडत नाही. तुमच्या कंपनीनं पाठवलेला तक्ता मी टेबलामागे चिकटवलाय. त्यातल्या फुल्या मला आता पाढ्यांसारख्या पाठ झाल्यात.

देगलूरचे गुरुबसप्पा म्हणून डाळमिलवाले आले होते. पांढरं धोतर, कपाळावर विभूती, घरातली सगळ्यात मोठी गाडी घेतली आणि खिशातून काढला बटणांचा फोन, त्याला मधून रबर लावलेलं. म्हणाले, “पोरी, ह्याच्यावर मी हैदराबादपर्यंत तूर इकतो. ह्याला गाडी का बोलंना?” मी तुमच्या मदत केंद्राला विचारलं. उत्तर आलं, ग्राहकास सुसंगत फोन घेण्याचा सल्ला द्यावा. मी मान खाली घालून तो सल्ला दिला. ते इतके हसले की त्यांच्या बायकोला त्यांच्या पाठीवर थोपटावं लागलं. “म्हंजे गाडी मी पसंत केली, आता गाडी मला पसंत करनार हाय होय?” सुसंगत! तो शब्द ज्यानं शोधला त्याला एकदा मोंढ्याच्या धान्यबाजारात आणून उभा करायला हवा. नाही म्हणायचं तुम्ही, आणि उणेपणा मात्र समोरच्याच्या खिशातल्या वस्तूचा.

पुण्याचा नाद सोडून मी लातुरात राहिले तेव्हा तू मला वेडी म्हणाली होतीस. मला वाटायचं, आपल्या भागात नवी यंत्रं येतात तेव्हा ती समजावून सांगणारं आपल्यातलंच कुणीतरी हवं. आमच्या घरात माझ्याआधी दहावीपुढं कुणी गेलं नाही. मी शिकले ते चार माणसांच्या उपयोगी पडावं म्हणून, असं मी अजूनही मानते. त्याऐवजी मी रोज माणसांना त्यांच्या फोनची लाज वाटायला लावते, आणि त्याबद्दल गेल्या दिवाळीत मला शोरूमनं उत्कृष्ट कर्मचारी म्हणून भिंतीवरचं घड्याळ दिलं.

आता आपल्याकडची एक रीत सांगते, जी तुमच्या तक्त्यात नाही. गाडी ज्याची असते तो स्वतःचा नंबर कुठंच देत नाही. विम्याला, सर्व्हिसिंगला, टोलच्या फास्टॅगला, सगळीकडे ड्रायव्हरचा नंबर. ती कटकट मला नको, असं प्रत्येक मालक म्हणतो. बाबांच्या फोनवर रेणुकादास वकिलांच्या जुन्या गाडीचे इतके संदेश यायचे की मायनं पाठवलेला निरोप त्यात बुडून जायचा. एकोणीस वर्षं कागदोपत्री त्या गाडीचा आवाज म्हणजे माझे बाबा, आणि याचं कुणाला कधी काही वाटलं नाही. तुमच्या ॲपनं मात्र असं ठरवलंय, की ज्याचा नंबर तोच मालक.

नांदेडला तुमच्या कंपनीचं शोरूम अजून झालेलं नाही, म्हणून वकीलसाहेब गाडी घ्यायला लातुरात आले. सोबत बाईसाहेब, आणि गाडी परत न्यायला बाबा. बुकिंगच्या सगळ्या कागदांवर रिवाजाप्रमाणे बाबांचाच नंबर होता. तोच मालकाच्या रकान्यात गेला. बाबांच्या फोनवर सहा आकडे आले, ते त्यांनी वाचून दाखवले, गाडी नोंदली गेली. चूक लगेच लक्षात आली. ती दुरुस्त करणं पाच मिनिटांचं काम, मालकाच्या फोनवर ॲप उघडायचं आणि मालकी साहेबांच्या नंबरावर वळती करायची. बाबांचा फोन जुना, पण त्या आवृत्तीवर आदल्या आठवड्यापर्यंत ॲप व्यवस्थित चालत होतं, मी स्वतः कितीजणांना बसवून दिलं होतं. त्या दिवशी फोननं सांगितलं, या फोनसाठी उपलब्ध नाही. तुम्ही ओझं उतरवलं होतं ना, ते त्याच आठवड्यात. आमच्याकडे तुमचं पत्रक दोन दिवसांनी आलं. साहेबांना संध्याकाळच्या आत नांदेड गाठायचं होतं. पुढच्या सुट्टीला घरी जाऊन मार्ग काढू, असं मी मनाशी ठरवलं, साहेबांना काही बोलले नाही आणि गाडी गेली.

सुट्टी यायच्या आधी साहेबांचे जावई आले. श्रीनाथ त्यांचं नाव, तुमच्या पुण्याचेच, हातात नवा आयफोन. बैठकीत पाहुणे बसलेले. श्रीनाथराव म्हणाले, थांबा, इथं बसून तुम्हाला गाडी थंड करून दाखवतो. ॲप घेतलं, गाडीचा क्रमांक टाकला. उत्तर आलं, या वाहनाच्या मालकाकडे आपली विनंती पाठवली आहे, आणि खाली मालकाच्या नंबरातले शेवटचे चार आकडे. बाईसाहेबांनी चष्मा पुढं ओढून पाहिलं, “अहो, हा तर आपल्या ग्यानोबाचा नंबर.” बाबा दारात केळ्यांची पिशवी घेऊन उभे. “वा! म्हणजे ग्यानोबा मालक आणि आम्ही अर्जदार,” म्हणून श्रीनाथराव हसले, पाहुणे हसले. बाबाही हसले. साहेबलोकांची गंमत चालली की नोकरानं हसायचं असतं. “द्या मग परवानगी, मालक,” म्हणून श्रीनाथरावांनी त्यांचा फोन हातातून घेतला, तीनदा ॲप घालून पाहिलं, तीनदा फोननं नाही म्हटलं. मग हसणं थांबलं. या फोनमध्ये ॲपच येत नाही, तर याचा नंबर मालक म्हणून घातला कशाला? कुणालाच गाडी मिळू नये म्हणून? श्रीनाथरावांनी पाहुण्यांसमोर असं तोंडावर विचारलं. वकीलसाहेबांनी फक्त विचारलं, “नंबर कुणी दिला, ग्यानोबा?” बाबा म्हणाले, “माझ्याकूनच गेला असंल साहेब.” असं का म्हणाले ते पुढे सांगते.

गाडी बंद पडली नव्हती, हे लक्षात घे. किल्ली होती, इंजिन चालू होतं, दारं उघडत होती, एसीचं बटण हाताच्या अंतरावर होतं. अडलं होतं ते पलंगावर पडून एसी लावण्यापुरतं. तेवढ्यासाठी एकोणीस वर्षांचा भरवसा मोडला. या माणसानं साहेबांची मुलगी शाळेत पोचवली, तिच्या लग्नात वऱ्हाड वाहिलं, साहेबांना छातीत दुखलं तेव्हा सिग्नल न बघता दवाखाना गाठला. कायद्याची कलमं साहेबांना आकड्यांसकट पाठ आहेत, पण ग्यानोबाची मुलगी काय शिकली आणि कुठं नोकरी करते हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

मी बाबांचं सिम काढून माझ्या फोनमध्ये घालून पाहिलं. ॲप म्हणालं, नोंदवलेल्या मूळ फोनवरून परवानगी द्या. मूळ फोनवर ॲप येत नाही. मदत केंद्रातल्या मुलीला मी हे चारदा समजावलं. तिनं चारही वेळा माझे आभार मानले. शेवटी साहेबांनी आरसी बुक जोडून तुमच्या कंपनीला लिहिलं, तेव्हा अकराव्या दिवशी मालकी बदलली. आता ते पलंगावरून एसी लावतात. पण त्याआधी शोरूमकडे त्यांनी लेखी विचारणा केली होती, माझ्या चालकाचा क्रमांक मालक म्हणून कोणी व कसा नोंदवला? शोरूमचं उत्तर गेलं, ‘सदर क्रमांक ग्राहकाच्या चालकाने स्वतःहून मालकाचा क्रमांक म्हणून दिला असून आमच्या कर्मचाऱ्यांनी विहित पद्धतीचे पालन केले आहे.’ ते पत्र हातात पडलं त्या दिवशी साहेबांनी बाबांना सांगितलं, थोडे दिवस आराम कर. किल्ली टेबलावर ठेवून घेतली. कोर्टाबाहेरचे ड्रायव्हर बाबांना फोन करून विचारतात, “काय मालक, कवा घेऊन चाललाव गाडी?” पहिल्यापहिल्यांदा बाबा उत्तर द्यायचे. आता उचलत नाहीत.

इथवर मी तुम्हाला नावं ठेवली, वकिलांना ठेवली, त्यांच्या जावयाला ठेवली. त्यातला एकही शब्द मागं घेत नाही. पण वर मी लिहिलंय की नंबर मालकाच्या रकान्यात गेला. तो आपला आपण गेला नाही, सौदामिनी. मी घातला. बुकिंगचा नंबर तसाच उचलायचा नाही, मालकाला समोर विचारून घ्यायचा, हा नियम नव्या मुलींना मीच शिकवते. साहेब फोटोत गुंतले होते, मी विचारलं नाही. लहानपणी पाठ केलेला पहिला नंबर बोटांनी आपोआप लिहिला. नोंद पक्की करण्याआधी पडदा पुन्हा एकदा विचारतो, मालकाचा क्रमांक बरोबर आहे ना? तेव्हा मला दिसलं. इतक्या झगमगीत गाडीच्या चित्राखाली, मालक, आणि पुढे माझ्या बापाचा नंबर. मला ते बघायला बरं वाटलं. पाच मिनिटांनी बदलायचंच आहे, तोवर राहू दे, असं मनाशी म्हणून मी ‘हो’ दाबलं.

आणि अजून एक. शोरूममध्ये ड्रायव्हरांना बाहेर बसवतात. साहेबांना कपबशीत चहा, ड्रायव्हरला कागदी पेल्यात. आमची मुलंमुली त्यांना “ओ ड्रायव्हर, गाडी बाजूला घ्या” म्हणून हाक मारतात, आणि मी दोन वर्षं ते ऐकते. नोकरी लागताना मॅनेजर श्रीमंत सरांनी विचारलं होतं, वडील काय करतात? मी म्हणाले, बिलोलीला शेती आहे. आहे, चुलत्यांची. लातुरात सोनकांबळे आडनावाची घरं पुष्कळ, कुणाला शंका यायचं कारण नव्हतं. त्या दिवशी बाबा पेला हातात घेऊन पायरीवर उभे होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, मला बघून चेहरा उजळलेला. मी जवळ गेले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “काका, तुमच्या फोनवर नंबर आलाय तो सांगा.” मग त्यांनी फोन डोळ्यांपासून लांब धरला, सहाही आकडे सावकाश वाचले आणि म्हणाले, “घ्या मॅडम.”

कॉलेजात मला त्यांच्या गाडीतून उतरताना कधी लाज वाटली नव्हती, तुला माहीत आहे. ती मला पगारासोबत मिळाली.

शोरूमचं ते उत्तरही मीच टाइप केलं. श्रीमंत सर म्हणाले, तुझं मराठी चांगलं आहे, तूच मांड. कोण ड्रायव्हर, त्याच्यावर ढकल, त्याचं काय जातंय. मी टाइप केलं. ‘स्वतःहून’ हा शब्द सरांनी सुचवला नव्हता. वाक्य नीट बसावं म्हणून तो मी घातला. माझ्या शाळेच्या निबंधाच्या वह्या बाबांनी अजून पेटीत ठेवल्यात.

पत्र गेल्यावर दोन दिवस मी नेहमीसारखी कामावर गेले. तिसऱ्या दिवशी रजा टाकून नांदेडला वकिलांच्या ऑफिसात गेले. म्हणाले, मी ग्यानोबांची मुलगी, नंबर मी घातला, पत्र मी लिहिलं, बाबांनी काही केलेलं नाही. साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “म्हणजे बाप माझ्या गाडीत, मुलगी शोरूमात आणि गाडी बापाच्या नंबरावर. पोरी, हे मला तू सांगितलं नसतंस तर ग्यानोबाचं बरं झालं असतं.” मी खरं बोलले आणि त्याचा कट झाला. मी रडायला लागले तेव्हा म्हणाले, रडण्यावर मी विश्वास ठेवला असता तर वकिली करता आली नसती. “कंपनीचा कागद आण. कुणी, कधी, काय केलं ते लिहिलेला. तो बघून माझं चुकलं असेल तर मी कोर्टासमोर उभा राहून ग्यानोबाच्या हातात किल्ली देईन. तोवर नाही.” माझा तिरस्कार करायला तुला मोकळीक आहे, तरी हे सांगते, की त्या माणसाच्या या एका बोलण्यावर माझा विश्वास बसला.

घरी येऊन मी सगळं सांगितलं. माय मेथी निवडत होती. तिचं नाव पंचफुला, पण बोलण्यात फुलाचं काही नाही. “एवढी शिकलीस ती ह्यान्ला काका म्हनायला का गं?” एवढंच म्हणाली आणि पुन्हा मेथीकडे वळली. बाबा तिच्यावरच खेकसले, “गप बस. कामावर असतंय तसं.” मग मला म्हणाले, “मला ठावं होतं नंबर कुनी घातला ते. मी उभाच व्हतो की तिथं. तुझं नाव घेतलं असतं तर तुझी नोकरी गेली असती. माझी काय, आज हाय उद्या न्हाई.” बैठकीत सगळ्यांसमोर “माझ्याकूनच गेला असंल” म्हणाले ते यासाठी. मला कागद आणू नको म्हणून त्यांनी बजावलं. कंपनीला लिहिलेल्या अर्जावर दोन दिवस सही करेनात. मायनं त्यांच्यासमोर पेन ठेवला आणि जेवायला वाढणं बंद केलं, तेव्हा केली.

तर हे पत्र त्यासाठी आहे. सोबत दोन कागद जोडलेत. एक बाबांचा अर्ज, की माझ्या नंबराची सगळी नोंद मला द्या. दुसरा माझा जबाब. मदत केंद्र म्हणतं की अशी विनंती फक्त ॲपमधूनच करता येते, म्हणून हा अर्ज तू स्वतः उठून योग्य टेबलापर्यंत न्यायचा आहेस. तुमच्याकडे सगळं असणार. बाबांच्या फोननं ॲप मागितलं आणि तुम्ही चार वेळा नाही म्हणालात, एकदा लातुरात आणि तीनदा साहेबांच्या बैठकीत, त्याच्या तारखा आणि वेळा. त्या नंबरावरून ॲप एकदाही उघडलं गेलं नाही, ही गोष्ट. तो फोन आदल्या आठवड्यापर्यंत चालत होता आणि मग तुम्ही तो यादीतून काढलात, ही गोष्ट. आणि नंबर कोणत्या टॅबलेटवरून, कोणत्या कर्मचाऱ्याच्या क्रमांकानं भरला आणि पडद्यानं पुन्हा विचारल्यावर ‘हो’ कुणी दाबलं, ते. हे सगळं कंपनीच्या कागदावर, शिक्क्यानिशी, रेणुकादास वकिलांच्या पत्त्यावर हवं. मदत मागायची ही रीत नव्हे, हे मला कळतं. पण गोड लिहिलं असतं तर तू माझ्यावर दया करून बसली असतीस, आणि मला त्याचीच भीती आहे. तू मनानं चांगली आहेस. माझी नोकरी वाचावी म्हणून तू तो शेवटचा भाग गाळशील, कर्मचाऱ्याचा क्रमांक झाकशील. तसं करू नकोस. माझा क्रमांक चाळीस-अकरा आहे. तो ठळक दिसू दे.

राग अजून गेलेला नाही, तरीही
तुझीच,
लुंबिनी